फियाटच्या बॉनेटखाली फेरारीचं आजोळ

सिलिंडरचा बोर, म्हणजे आतला व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. असे चार सिलिंडर, सगळे मिळून १०८९ सीसी. यवतमाळात आर्णी रोडवरच्या एका गॅरेजात जुन्या प्रीमियर पद्मिनीचं हेड उतरवलेलं होतं, तेव्हा मिस्त्रींनी मला हे आकडे सांगितले. "लिवून घ्या भाऊ, पिस्टन मांगवाच्या टायमाले लागते," एवढंच ते म्हणाले. घरी येऊन त्या आकड्यांचा माग काढायला बसलो आणि उजाडेपर्यंत उठलोच नाही. हेच दोन आकडे मला १९३७ सालच्या फियाटमध्ये भेटले, आणि तिथून वाट निघाली ती थेट मोदेना गावात, एन्झो फेरारीच्या कारखान्यात!

हो, फेरारी! आपल्याकडे लग्नाच्या वरातीत फुलांनी सजून उभी राहणारी, डॉक्टरांना खेडोपाडी व्हिजिटला नेणारी, स्टिअरिंगवर गिअर असलेली ही पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट, आणि तिच्या घराण्यात फेरारी. मला अजून खरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

दान्ते जाकोसा या इंजिनिअरने फियाटसाठी केलेली ती १९३७ सालची साधी घरगुती मोटार म्हणजे ५०८ सी. तिचंच इंजिन पुढे फियाट ११०० मध्ये आलं. १९३९ साली एन्झो फेरारी अल्फा रोमिओ या मोटार कंपनीतून बाहेर पडला, तेव्हा त्याच्यावर अट होती की चार वर्षं स्वतःचं नाव शर्यतींत वापरायचं नाही. मग त्याने कंपनीला नाव दिलं आउतो आव्हियो कोस्त्रुत्सिओनी. एप्रिल १९४० मध्ये ब्रेशाची शर्यत होती, आणि फियाटच्या भागांपासून केलेली गाडी आपल्या गटात जिंकली तर फियाट बक्षीस देणार होती. चारेक महिने हातात होते. फेरारीच्या माणसांनी अ‍ॅल्युमिनियमचा नवा ब्लॉक ओतून घेतला आणि त्यावर ५०८ सी ची दोन हेडं एकापुढे एक बसवली. चाराचे आठ सिलिंडर झाले! बोर-स्ट्रोक मात्र कमी केले, कारण दीड लिटरच्या गटात बसायचं होतं. मिलानच्या तूरिंग कंपनीने वर इतकी हलकी बॉडी चढवली की तिचं वजन जेमतेम ५४ किलो भरलं. आठ सिलिंडर, दीड लिटर, म्हणून गाडीला म्हणायचं ८१५.

अशा दोनच गाड्या झाल्या. जगात दोन! आणि त्यांच्या मालकांची कहाणी तर मी पुन्हा पुन्हा वाचली.

एक गाडी घेतली लोतारिओ रांगोनी माकियावेल्ली या मोदेनाच्या सरदाराने, दुसरी आल्बेर्तो आस्कारीने. हा तोच आस्कारी, जो पुढे १९५२ आणि १९५३ साली फेरारीतून जगज्जेता झाला. ब्रेशाच्या त्या शर्यतीत मात्र तो कोवळा पोरगा होता. त्याची गाडी सुरुवातीलाच बंद पडली. रांगोनी आपल्या गटात सगळ्यांच्या पुढे निघाला, त्याने फेरीचा विक्रमही केला, आणि मग त्याच्याही इंजिनाने दगा दिला. दोघांपैकी कोणीच शर्यत पुरी केली नाही. काही आठवड्यांत इटली महायुद्धात उतरली. त्या युद्धाच्या काळातच रांगोनी गेला आणि पुढे त्याची गाडी भंगारात गेली. हे वाचताना मला खरोखर गलबलून आलं.

उरली आस्कारीची. ती एन्रिको बेल्त्राक्किनीने विकत घेतली आणि १९४७ मध्ये शर्यतींत पळवली. पुढे त्याने ती एका संग्रहालयाला विकली. पण राहवेना, म्हणून परत विकत घेतली! विकलेली गाडी पुन्हा पैसे मोजून घरी आणणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. अखेर ती मारिओ रिगिनी यांच्या संग्रहात, मोदेनाजवळच्या पान्झानो किल्ल्यात पोचली. रिगिनी यांचा धंदाच जुन्या मोटारी मोडीत काढण्याचा होता, आणि मोडीत जाऊ नयेत अशा मोटारी ते बाजूला काढून जपत राहिले.

आता आपल्याकडे वळतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. इटलीत ११०० डी आली तेव्हा इंजिन १२२१ सीसीचं झालं. कुर्ल्यात मात्र १०८९ च राहिलं, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत! म्हणजे जाकोसाचं मूळ माप इटलीने सोडलं तरी आपल्या दिग्रस-दारव्ह्याच्या रस्त्यांवर ते धावतच होतं. ही आपली केवढी मोठी मिळकत आहे!

आणि सिसिटालियाचं तर सांगायचंच राहिलं. पिएरो दूसिओ या तुरिनच्या उद्योगपतीने महायुद्ध संपताच याच ११०० च्या इंजिनावर स्पोर्ट्स कार काढली, सिसिटालिया २०२. इथे बोर-स्ट्रोकही बदलला नाही, पुरे १०८९ सीसी. पिनिन फारिनाने घडवलेली तिची बंद टपाची बॉडी इतकी देखणी की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्ये ती प्रदर्शनात मांडली आणि १९७२ मध्ये आपल्या संग्रहात घेतली. तिचीच उघडी बहीण घेऊन ५४ वर्षांचा ताझिओ नुव्होलारी १९४७ च्या मिल्ले मिल्या या शर्यतीत उतरला. समोर अडीचपटीहून मोठ्या इंजिनाची अल्फा रोमिओ होती. ती पहिली आली, नुव्होलारी दुसरा. पाऊस येईपर्यंत तर तोच पुढे होता!