बागा गेल्या, चिंचा राहिल्या

नगर शहराची सुरुवातच बागेपासून झाली. 28 मे 1490 रोजी मलिक अहमदनं बहमनी फौजेला हरवलं, त्या ठिकाणी त्यानं बाग निजाम लावली. आज तिथं भुईकोट किल्ला आहे. पुढं हश्त बिहिश्त, फरहबाग, बागरोजा अशा एकेक बागा होत गेल्या. मी भिंगारची. या सगळ्या नावांमध्ये वाढले, पण बागा काही दिसल्या नाहीत. म्हणून मग मी त्यांतली उरलेली झाडं शोधत हिंडायला लागले.

फरहबाग आम्हाला जवळ. मूर्तजा निजामशहाच्या काळात, 1583 साली, सलाबतखानानं तो अष्टकोनी महाल पुरा केला. चहूबाजूंनी तलाव, तलावाभोवती बाग. आज उन्हाळ्यात तलावाच्या तळाला भेगा पडलेल्या असतात आणि पलीकडं बाभळी. महालाच्या कमानी बघून लोक परत फिरतात. मला मात्र तिथं दर वेळी पाणीच आठवतं. कापूरवाडी, शहापूर, आमचं भिंगार अशा आसपासच्या गावांकडून मातीच्या भाजलेल्या नळांतून, ज्यांना आपण खापरी नळ म्हणतो, या बागांना पाणी यायचं. नगर पर्जन्यछायेत, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एवढ्यावर फळबाग तगत नाही. राज्य गेलं, नळांची निगा सुटली, पाणी तुटलं आणि पाण्यावर पोसलेलं सगळं त्यामागं गेलं. टिकली ती कोरडवाहू झाडं. चिंच, वड, कडुनिंब. त्यातही चिंच सर्वांत चिवट.

भिंगारच्या रस्त्यांवर आणि छावणीच्या हद्दीत अशा जुन्या चिंचा अजून आहेत. त्यांतली एक माझ्या रोजच्या वाटेवर. तिचं वय किती, हे नुसतं बघून सांगता येत नाही. चिंचेत वर्षाची वलयं स्पष्ट उमटत नाहीत आणि म्हाताऱ्या झाडाचा गाभा आतून पोकळ झालेला असतो, त्यामुळं मोजायला काही उरतच नाही. घेर तेवढा मोजता येतो. शास्त्रात तो जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर घेतात. मी शेजारच्या पोरांना घेऊन सुतळी गुंडाळली, तेव्हा खोडाच्या पुढं आलेल्या फुगवट्यांवरून ती सारखी घसरत होती. ढोलीत डोकं घातलं तर वटवाघळांचा उग्र वास. आतली भिंत काळी, वाळवीच्या मातीच्या रेघांनी भरलेली. आणि त्या पोकळ खोडाच्या बाहेरच्या सालीतून, जेमतेम वीतभर जाडीच्या जिवंत लाकडातून, एवढ्या उंचीवर एप्रिलची कोवळी तांबूस पालवी फुटलेली. झाड गाभ्यावर जगत नाही, सालीलगतच्या थरावर जगतं, हे पुस्तकात वाचलं होतं. तिथं ते हाताला लागलं.

त्याच झाडाखाली मार्चमध्ये चिंचा फोडायला बायका बसतात. नगरच्या बाजारात चिंचेची मोठी आवक असते. झाडं गुत्त्यानं दिली जातात, गडी वर चढून फांद्या झोडपतात आणि खाली चिंचोके वेगळे काढायचं काम दिवसभर चालतं. त्यातल्या एका मावशींना मी विचारलं, या झाडाला अजून किती लागतं? त्या म्हणाल्या, “ताई, एक साल आड लागतं, पण लागलं की पोती पुरत नाहीत. माझी सासू बी हितंच बसायची.”

किल्ल्याजवळची एक चिंच मात्र इतिहासात गेली आहे. 12 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्लीनं किल्ला घेतला आणि नंतर तो तिच्या सावलीत जेवला, असं सांगतात. इंग्रजांनी त्या जागी जुन्या तोफा रोवून खूण केली. मला याचं वाईट वाटतं. ज्या झाडानं कितीतरी पिढ्यांना सावली आणि आंबट-गोड फळ दिलं, त्याची ओळख एका सेनापतीच्या जेवणावरून का सांगायची? कुणी लावलं, कोण खाली बसलं, यापेक्षा त्याला पाणी कुठून मिळतं हे आधी विचारायला हवं.

आपल्याच जिल्ह्यात पेमगिरीला गेले, तेव्हा हे फार जाणवलं. संगमनेर तालुक्यातलं हे गाव. 1633 साली दौलताबाद पडल्यानंतर शहाजीराजांनी इथल्या गडावरून बाल मूर्तजाच्या नावानं निजामशाही चालवली. 1636 मध्ये तीही संपली. पण मी गेले होते तिथल्या महावटवृक्षासाठी. सुमारे तीन-साडेतीन एकरांवर तो पसरला आहे. आत शिरलं की मूळ खोड कोणतं, हे कळतच नाही. पारंब्या जमिनीत उतरून खांब झाल्या, खांबांची खोडं झाली, त्यांना पुन्हा पारंब्या. कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या वडाचं मुख्य खोड तर बुरशीनं पोखरलं म्हणून 1925 साली काढून टाकावं लागलं. झाड अजून वाढतंच आहे. तेलंगणातल्या पिल्ललमर्रीच्या वडाला वाळवी लागली, तेव्हा 2018 मध्ये सलाईनच्या बाटल्या टांगून थेंबाथेंबानं औषध दिलं गेलं. वडाला अट एकच, पारंबीला टेकायला उघडी माती हवी. पेमगिरीत ती आहे, म्हणून तो पसरतो आहे.

आमच्याकडं नेमकी तीच मिळेनाशी झाली आहे. झाडावर प्रेम आहे म्हणून लोक त्याला पार बांधतात, पाराला फरशी, फरशीभोवती पेव्हर ब्लॉक. पावसाचं पाणी गटारात जातं. मुळांना ना ओल, ना हवा. पारंबी खाली आली की ‘डोक्याला लागते’ म्हणून छाटतात. राज्यानं 2021 साली झाडांच्या कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांपुढच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं, त्याचं मी मनापासून स्वागत करते. पण कुऱ्हाड दिसते तरी, सिमेंट हळूहळू मारतं आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

माझ्या वाटेवरच्या चिंचेभोवतीही ब्लॉक बसवायचे ठरले होते, वर्गणीसुद्धा जमली होती. मी घरोघरी जाऊन बोलले. काहींना पटलं, काहींना चिखलाची काळजी वाटली, आणि ती खोटी नव्हती. शेवटी पायवाटेपुरते ब्लॉक टाकले, बाकीचं अंगण उघडं ठेवून खोडापासून लांब गोल आळं केलं आणि उरलेल्या वर्गणीतून पालापाचोळ्याचं खत आणलं. चिखल होतोच. मावशींनी यंदा पोतं अंथरून बसायची जागा दोन हात सरकवली.