उल्म नगरीतील एक खरेदी

युरोपच्या प्रवासास निघालेला मनुष्य परतताना काय घेऊन येणार, याविषयी आपल्या घरांतून काही ठरीव कल्पना असतात. कोणी स्वित्झर्लंडचे घड्याळ आणतो, कोणी चॉकलेटांचे डबे. आम्ही उभयता आणि आमची पुतणी अशी तिघे दोन वर्षांपूर्वी वैशाखात जर्मनीस निघालो, ते मात्र एक रायफल विकत घेण्याकरिता. ही गोष्ट शेजारीपाजारी सांगण्याचीही आम्हांस थोडी चोरीच वाटे. घरात मातुःश्रींनी एकच प्रश्न केला होता, "ती बंदूक चालवायची कोणावर?" पुतणी म्हणाली, "आजी, कागदावर." "कागदासाठी एवढे पैसे?" असे म्हणून त्या देवघरात निघून गेल्या.

तो कागद कसला, हे वाचकांस सांगितले पाहिजे. पन्नास मीटर अंतरावरील लक्ष्याच्या मधोमध जे दहा गुणांचे वर्तुळ असते, त्याचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन आसनांत त्याचा वेध घ्यावयाचा. याच प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. आमच्या पुतणीने आरंभ केला तो हवेच्या रायफलीवर. ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची शक्ती असेल, तर तशा रायफलीस आपल्याकडे परवाना लागत नाही. परंतु पन्नास मीटरसाठी 'पॉइंट टू-टू' काडतुसाची रायफल लागते, आणि तेथून कायद्याचा उंबरठा सुरू होतो. चार वर्षे ती क्लबच्या रायफलीवर सराव करीत होती. त्या रायफलीचा दस्ता कोणा उंच गृहस्थाच्या मापाचा होता. त्यामुळे प्रत्येक नेमाच्या वेळी तिला मान किंचित ताणावी लागे. शेवटी घरातील थोरामोठ्यांनी विचार करून, दिवाणखान्याची दुरुस्ती पुढे ढकलून, हा खर्च मंजूर केला.

म्युनिकला उतरलो तेव्हा २०१० साली येथेच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत जगज्जेत्या ठरल्या होत्या, याची आठवण पुतणीने आम्हांस दोन वेळा करून दिली. तेथून आगगाडीने सव्वा-दीड तासात आम्ही उल्म गाठले. स्टेशनाबाहेर पडताच घरांच्या छपरांवरून तेथील महामंदिराचा मनोरा दिसू लागतो. १३७७ मध्ये पाया घातलेल्या या मंदिराचे १६१.५ मीटर उंचीचे शिखर पुरे झाले ते १८९० मध्ये. १७ डिसेंबर १९४४ च्या बाँबवर्षावात भोवतालचे जुने शहर बहुतेक जमीनदोस्त झाले, पण हे शिखर उभे राहिले. आईन्स्टाईन यांचा जन्म १८७९ मध्ये याच गावी झाला. गावाच्या अंगाने डॅन्यूब नदी वाहते. १८१० पासून ही नदीच दोन राज्यांची सीमा झाली आहे. पलीकडचे नवे उल्म बव्हेरियात मोडते. आम्ही पुलावरून सहज पलीकडे गेलो आणि परतलो. कोणी हटकले नाही, कोणी कागद विचारला नाही.

या गावाचे दैवत म्हणावे असा पक्षी म्हणजे चिमणी. मंदिराच्या छपरावर तांब्याची चिमणी आहे आणि गावभर तिच्या प्रतिमा दिसतात. कथा अशी सांगतात की, मंदिर बांधताना कारागिरांनी एक लांबलचक तुळई गाडीवर आडवी घालून आणली. ती वेशीतून जाईना. वेस पाडावी की काय, असा विचार चालला असता, एक चिमणी चोचीत काडी धरून घरट्याकडे जाताना दिसली. फटीशी येताच तिने काडी लांबीच्या अंगाने वळविली आणि ती आत शिरली. ते पाहून शहाण्यांनी तुळई उभी वळविली. ही कथा ऐकून आम्ही हसलो. ती आपल्याच उपयोगी पडणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते.

उल्मला रायफलींचे माहेर म्हणतात खरे, पण ते मूळचे माहेर नव्हे. आन्शुट्झ हा कारखाना १८५६ मध्ये आणि वाल्थर १८८६ मध्ये निघाला, तो थुरिंगिया प्रांतातील आजच्या झेला-मेहलिस गावी. १९४५ मध्ये तो प्रांत रशियनांच्या ताब्यात गेला आणि ही घराणी पिढ्यांचे कारखाने मागे टाकून पश्चिमेकडे आली. पराभूत जर्मनीत शस्त्रे करण्यास बंदी होती, तेव्हा वाल्थर मंडळींनी हिशेबाची यंत्रे करून दिवस काढले. ज्यांनी स्वतः रिकाम्या हातांनी सीमा ओलांडली, त्यांच्या गावी आम्ही रायफल सीमेपार नेण्यास आलो होतो!

ज्या विक्रेत्याशी आमचा पत्रव्यवहार झाला होता तो साठीचा, मितभाषी गृहस्थ होता. त्याने प्रथम किंमत काढली नाही. कागद मागितले आणि चष्मा पुसून ते बाजूस ठेवले. मग पुतणीस उभे करून, बसवून, पालथे निजवून दोन तास तिची मापे घेतली. दस्त्याची लांबी, गालाखालच्या फळीची उंची, चापापर्यंत बोटाचे अंतर, सारे त्याने टिपून घेतले. शिंप्यानेही अंगरखा इतक्या निगुतीने बेतला नसता. नळीवरील हरणाच्या शिंगाची बारीक खूण त्याने आम्हांस दाखविली. प्रमाणाहून अधिक दाबाचे काडतूस उडवून नळी टिकली, तरच सरकारी परीक्षागृह तो शिक्का मारते. शिंग ही उल्मच्या परीक्षागृहाची खूण.

त्यानंतर त्याने कागद वाचले. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाहेरून आणता येत नाही. स्पर्धांतील गुणांवरून नामवंत ठरलेल्या नेमबाजास संघटनेच्या शिफारशीने ही वाट मोकळी होते. इकडे युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे, ज्या देशी बंदूक जावयाची त्या देशाने आयातीस मान्यता दिली आहे आणि वाटेतील देशांची हरकत नाही, हे पाहिल्यावाचून निर्यातीचा परवाना मिळत नाही. हे सर्व आम्ही वर्षभर खपून जमविले होते. परंतु आमच्याकडून नेलेल्या एका कागदावर पुतणीच्या वडिलांच्या नावातील एक अक्षर चुकले होते. पासपोर्टावर एक, येथे दुसरे. म्हाताऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून त्या अक्षरावर बोट ठेवले आणि मान हलविली.

आम्ही रदबदली करून पाहिली. हिंदी नावे इंग्रजीत दोन-दोन प्रकारे लिहितात, हेही समजावले. तो शांतपणे म्हणाला, "मला तुमचा विश्वास आहे. पण रायफल माझ्या विश्वासावर जात नाही." आमचा चेहरा उतरला. राष्ट्रीय संघाची निवड दीड महिन्यावर आली होती.

त्या सायंकाळी डॅन्यूबच्या काठी तिघेही मुकाट्याने बसलो. आमच्या मनात रागच होता. १८७८ च्या कायद्याने हिंदी मनुष्यास परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची मनाई झाली आणि गोऱ्यांना मात्र सूट मिळाली, ही सल आमच्या आजोबांच्या बोलण्यात असे. परवाना म्हणजे परक्याचा अविश्वास, ही भावना आमच्या रक्तात तेथूनच आली असावी. तसे आम्ही बोलून दाखविताच पुतणी म्हणाली, "काका, तेव्हा वेस आपल्याला होती आणि त्यांना नव्हती. आज त्या आजोबांनाही आहे आणि मलाही. ही रायफल कोणाच्याही हाती गेलेली तुम्हांला चालेल का?" आम्हांस उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तुळई आडवी आहे, एवढेच. वळवू."

आम्ही बयाणा देऊन, रायफलीचा क्रमांक टिपून रिक्तहस्ते परतलो. अक्षर दुरुस्त होण्यास दोन महिने लागले आणि त्यापुढील परवान्यांस आणखी काही आठवडे. निवडीच्या वेळी ती जुन्याच रायफलीवर नेम धरून उभी राहिली आणि थोडक्या गुणांनी मागे पडली. घरी येऊन तिने कोणास दोष दिला नाही. पण त्या रात्री ती जेवली नाही, हे आम्ही विसरलेलो नाही. विमानाची तिकिटे काढण्याआधी प्रत्येक कागदावरील प्रत्येक अक्षर पासपोर्टाशी ताडून पाहण्याचे काम आमच्याकडे होते. ते आम्ही नीट केले नव्हते. ज्यांच्या घरी असा नेमबाज असेल, त्यांनी आमच्या अनुभवाने शहाणे व्हावे.

रायफल आली ती नवरात्रात. विमानमालाच्या कचेरीत क्रमांक ताडला गेला, परवान्यावर नोंद झाली आणि पेटी घरी पोहोचली. खंडेनवमीस आमच्याकडे विळी, अडकित्ता आणि पुतण्याचा संगणक यांची पूजा होते. त्या दिवशी मातुःश्रींनी स्वतः पाटावर जागा करून रायफल ठेवविली, हळदकुंकू वाहिले आणि क्षणभर विचार करून म्हणाल्या, "ते कागदही आणा. त्यांच्यावाचून हिला घरात कोण येऊ देणार होते?"

पुतणीने कागदांची फाईल आणून रायफलीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या पहाटे, सीमोल्लंघनाची वेळ होण्याची वाट न पाहता ती बालेवाडीस सरावाला निघून गेली.