चौदा यजमानांचा नाताळ

मुंबईकराला वसई ठाऊक असते ती तीन गोष्टींमुळे: चिमाजीअप्पांनी जिंकलेला किल्ला, सुकेळी आणि लोकलगाडीत कधीच न मिळणारी बसायची जागा. चौथी वसई पाहायची असेल तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्टेशनाच्या पश्चिमेला उतरावे आणि गिरीज-निर्मळच्या बाजूला जाणारी बस धरावी. आरंभी उंच इमारती आणि दुकानांच्या पाट्या संपता संपत नाहीत. मग हळूहळू केळीच्या बागा दिसू लागतात, विहिरी दिसतात, वळणावळणावर पांढरे क्रूस उभे असतात. घराघरांवर कागदी चांदण्या टांगलेल्या असतात. दिवाळीचा आकाशकंदील उतरवायचा राहून गेला की काय, असे क्षणभर वाटते.

या गावांनी इतिहास पुष्कळ पाहिला. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली मराठ्यांनी ती घेतली. राज्ये आली नि गेली. माणसे मात्र आपल्या वाड्या शिंपीत तिथेच राहिली. धर्म ख्रिस्ती, बोलणे मराठी. त्यांतले कुपारी लोक घरात सामवेदी बोली बोलतात. तिला कादोडी असेही म्हणतात. 'नाताळ' हा आपला रोजचा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच. पण तो आता इतका मराठी झाला आहे की त्याला परका म्हणायची कोणाची छाती होणार नाही. आणि नाताळच्या फराळातली नेवरी म्हणजे आपली करंजीच की! दोन महिने उशिरा आलेली, एवढेच.

माझे एक सहाध्यापक याच भागातले. त्यांची आत्या तिथल्या एका लहानशा वृद्धाश्रमात राहते. गेल्या नाताळात, २४ डिसेंबरला, त्यांच्याबरोबर दिवसभर तिथे राहण्याचा योग आला. आश्रम कसला, जुने कौलारू घरच ते. पुढे पडवी, मागे विहीर, परसात चार नारळ. राहणारी माणसे चौदा, त्यांची देखभाल करणाऱ्या सिस्टर तीन. वय विचारले की प्रत्येक जण ऐंशीच्या पुढचा आकडा सांगतो, आणि तोही थोडा अभिमानाने.

वसईसारख्या भरल्या घरांच्या मुलखात वृद्धाश्रम कशाला, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. पण कारणे काही वेगळी नाहीत. तुमच्या-आमच्या बिऱ्हाडांतलीच आहेत. मुलगा आखातात, मुलगी कॅनडात, वाडी विकून तिथे इमारत उभी राहिलेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत म्हाताऱ्याचा जीव रमत नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसे देशात दहा कोटींहून अधिक भरली. आईबापांना पोसणे हे मुलांवर कायद्याने बंधनकारक करावे लागले, तेही २००७ सालीच. कायदा पोटाची सोय लावील. पण सणाच्या दिवशी आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही जी म्हातारपणाची खरी टोचणी, तिच्यावर कायद्याजवळ औषध नाही.

त्या औषधाचा एक साधा काढा या घरात उकळत होता. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत लांब टेबलाभोवती सात-आठ आज्या बसल्या होत्या आणि कलकल वळत होत्या. मैद्याची इवलीशी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि अलगद गुंडाळायची, की शंखासारखी रेघारेघांची वळी तयार होते. मग तळणे आणि साखरेच्या पाकात घोळणे. काहींचे हात थरथरत होते, त्यामुळे त्यांच्या कलकलांवर दोनच्या जागी चार रेघा उठत होत्या. सहाध्यापकांच्या आत्याबाई म्हणाल्या, "घरी सून मला काही करू देत नाही. म्हणते, आत्ती, तुम्ही बसा. मी पाच वर्षं बसले. बसून बसून कंबर गेली माझी!" सगळ्या हसल्या. सुनेचा हेतू वाईट नव्हता, हेही त्यांनी लगेच सांगून टाकले.

पडवीत गव्हाणीचा देखावा मांडायचे काम चालू होते. अशी गव्हाणी पहिल्यांदा मांडली ती असिसीच्या संत फ्रान्सिसने, १२२३ साली, इटलीतल्या ग्रेच्चो गावी. तिथून निघालेली ही प्रथा जगभर फिरून वसईत आली, तेव्हा तिला इथली माती लागली. देखाव्यातल्या हिरवळीसाठी दहा-बारा दिवस आधी ताटल्यांत नाचणी पेरतात. आपण घटस्थापनेला धान्य रुजत घालतो, तसेच हे.

यंदाची नाचणी मात्र पिवळी पडली होती. त्यावरूनच सकाळी मोठे भांडण जुंपले. भांडण काढणारे आजोबा नवे होते. तीनच आठवड्यांपूर्वी आलेले, जन्मभर केळी आणि पानवेलींची बागाईत केलेले. आल्यापासून त्यांनी आपली ट्रंक उघडली नव्हती. दोन सदरे होते तेवढे आलटून पालटून वापरीत. जेवणापुरते बाहेर येत आणि पुन्हा खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजत. सिस्टरांनी समजूत घालून पाहिली, फादरांनी पाहिली, मुलाचा फोन आला तो त्यांनी घेतला नाही.

ते त्या सकाळी पाणी प्यायला म्हणून बाहेर आले आणि ताटल्या पाहून थबकले.

"कोणी पेरलं हे?"

"आम्ही पेरलं," एक आजी म्हणाल्या.

"कपाटाखाली ठेवलं होतं ना? कोंब फुटल्यावर ऊन नको दाखवायला? आणि पाणी किती घातलंय! नाचणी आहे का भात?"

आजीबाई चिडल्या. आपण साठ वर्षे नाचणी पेरत आलो, असे त्यांनी ऐकवले. आजोबांनी उत्तर दिले नाही. एकेक ताटली तिरपी करून त्यांनी साचलेले पाणी काढले आणि साऱ्या ताटल्या विहिरीच्या कट्ट्यावर उन्हात नेऊन मांडल्या. मग कावळे येतील म्हणून हातात काठी घेऊन दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले. सिस्टर खिडकीतून पाहत होत्या. मी काही बोलणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

दुपारी शहरातून एक मंडळी आली. वीस-पंचवीस तरुण मुले, डोक्यावर लाल टोप्या, बरोबर शाली, सफरचंदे आणि एक भला मोठा केक. मुले गोड होती. त्यांनी गाणी म्हटली, शाली पांघरल्या, छायाचित्रे काढली आणि पुढच्या आश्रमाला उशीर होतो म्हणून पाऊण तासात जायला निघाली. पण या घराचा एक नियम आहे: इथे केलेले काही खाल्ल्यावाचून पाहुण्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. आज्यांनी दारातच कलकलांच्या बशा आडव्या धरल्या. एका मुलीने विचारले, "हे कसं करतात, आजी?" झाले! तिला टेबलाशी बसवून काटा हातात दिला. तिच्या पहिल्या चार वळ्या मोडल्या आणि आज्यांना जो आनंद झाला, तो शालींनी झाला नव्हता. मंडळींची पुढची भेट तासभर लांबली.

मध्यरात्रीची मिस्सा या वयाला झेपत नाही, म्हणून ती संध्याकाळी सहालाच झाली. आजच्या आश्रमवासीयांनी लहानपणी ही मिस्सा लॅटिनमध्ये ऐकलेली. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि त्यानंतर उपासना लोकभाषेत, म्हणजे इथे मराठीत, होऊ लागली. एका निवृत्त शिक्षकांनी लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचला. चष्म्याची काच एका बाजूने तडकलेली; पण उच्चार असे स्वच्छ की माझ्या वर्गात आणून बसवावेत.

मिस्सेनंतर गव्हाणी जवळून पाहिली. मारिया, योसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव. आणि एका कोपऱ्यात मातीची दोन म्हातारी माणसे, ओबडधोबड, घरीच केलेली. हे कोण, म्हणून मी विचारले. शिक्षक म्हणाले, "हा शिमोन आणि ही हन्ना. त्याच अध्यायात आहेत, पुढे. बाळाला देवळात नेलं तेव्हा त्याला ओळखलं ते या दोघांनी. शिमोनानं त्याला हातांत घेतलं. हन्ना विधवा, चौऱ्यांशी वर्षांची. खरं म्हणजे ही चाळिसाव्या दिवसाची गोष्ट, नाताळच्या देखाव्यात त्यांना जागा नसते. पण आमच्या बायका म्हणाल्या, सगळ्या जगात नसू द्या, आपल्या घरात हवीतच."

मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. त्या कथेतल्या म्हाताऱ्यांना कोणी शाल पांघरली नाही. त्यांच्याकडे काम होते: वाट पाहणे, ओळखणे आणि मूल हातांत धरणे.

रात्री जेवणे झाली. हिरवळीच्या ताटल्या गव्हाणीपुढे लागल्या होत्या; दिवसभराच्या उन्हाने कोंबांना किंचित हिरवी झाक आली होती, किंचितच. बागाईतदार आजोबा त्यांच्याकडे पाहत उभे होते. सकाळच्या आजीबाई वाटीत कलकल घेऊन आल्या आणि न बोलता वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एक उचलले. म्हणाले, "पुढच्या वर्षी मला आधी सांगा. बियाणं मी पाहून आणीन."

ट्रंक त्या रात्री उघडली की नाही, ते मला माहीत नाही. आम्ही शेवटच्या बसने निघालो. निघताना सिस्टरांना विचारले, की आश्रमाला काय पाठवू? त्या म्हणाल्या, "नाताळात आम्हांला काही कमी पडत नाही. पावसाळ्यात या. जुलैत इथे कोणी फिरकत नाही. आणि येताना काही आणू नका. यांच्याकडून काहीतरी शिकायला या."

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात चकल्यांचा घाणा चालू असेल. नाचणी पेरायला अजून अवकाश आहे. पण तुमच्या घरी कोणी आजी खुर्चीत 'बसवून' ठेवलेली असेल, तर भाजणी तिच्या हाताने मळून घ्या. चकलीचे काटे थोडे मोडतील, मोडू द्या.