त्रेपन्न की पन्नास तीन?

परवा माळा आवरताना लेकीची दुसरीची गणिताची वही सापडली आणि २०१९ चा जून आठवला. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं होतं. टीव्हीवर वाद, विधानसभेत टोलेबाजी, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद... मीही दोन-चार पुढे ढकलले, खोटं कशाला बोलू!

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मी ऑफिसातून येईपर्यंत लेकीचा अभ्यास माझी आई घ्यायची. आई सातवी शिकलेली, पण पावकी-निमकी तोंडपाठ. एकदा तिने "त्रेपन्न लिही" म्हटलं. लेकीने आधी तीन ऐकलं, लिहिलं ३५. आईने चूक दाखवली तर म्हणते, "बाई पन्नास तीन म्हणतात. तुला येत नाही."

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वही पुढे केली तर म्हणाली, "माझं जुनं झालं गं आता." पुढचे पंधरा दिवस तिने अभ्यासाला हात लावला नाही.

मी तणतणत शाळेत गेले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शनिवारी आजींनाच घेऊन या. बाकीच्यांच्या घरीही हेच चाललंय."

(शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात शाळा व्यवस्थापन समितीवर पाऊण सदस्य पालक असावेत असं म्हटलंय. चांगलंच आहे. पण आमच्याकडे अभ्यास घेणारी बाई कुठल्याच कागदावर नव्हती!)

शनिवारी पंधराएक जण आले, निम्म्या आज्या. बाईंनी प्रत्येकीला काड्या दिल्या. दहाचे पाच गठ्ठे, तीन सुट्या. लिहिताना पाच आधी, बोलताना तीन आधी, वर जोडाक्षर. पोरं अडतात ती इथे. गणित समितीच्या मंगला नारळीकरांनीही तेव्हा हेच कारण सांगितलं होतं. मग बाई म्हणाल्या, "जुनी नावं गेलेली नाहीत, पुस्तकात दोन्ही आहेत. पन्नास तीन आम्ही पक्कं करतो. त्रेपन्न तुम्ही घरी म्हणून घ्या. तुमच्याइतकं आम्हाला जमणार नाही."

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर?"

संध्याकाळी तिने वाती वळायला घेतल्या आणि लेकीला हाक मारली. दहा-दहाच्या जुड्या. "पन्नास तीन म्हणजे गं?" "त्रेपन्न!"

त्या महिन्यात देवापुढे वाती फारच झाल्या.