कुसळीचा माळ आणि संजीवनीचे बेट

नांदेडहून लातूरकडे मोटारीने निघायचे ठरले ते मावशींच्या गुडघ्यांमुळे. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ नावाचे गाव आहे. गावाजवळच्या डोंगराला तिकडे 'बेट' म्हणतात. हनुमान द्रोणागिरी घेऊन निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी लोकांची श्रद्धा. म्हणून हे संजीवनी बेट. सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरा नक्षत्र लागले की तिथल्या झाडपाल्यात औषधी गुण उतरतो असे मानतात, आणि लांबलांबून माणसे तो पाला खायला येतात. मावशींनी हे कुठेसे ऐकले आणि आजवरचे सारे डॉक्टर एका वाक्यात बाद केले.

लोहा मागे टाकले, माळेगाव गेले. मार्गशीर्षात इथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, लाल कंधारी बैल यांनी माळ फुलतो. आत्ता मात्र तो मोकळा होता. थोडे पुढे गेलो आणि आमच्या मोटारीचे चाक बसले. चालक जॅक शोधू लागला, मावशी बाभळीखाली टेकल्या, आणि मी पाय मोकळे करायला शेजारच्या टेकडीकडे वळलो.

टेकडीला काटेरी तारेचे कुंपण होते. कुंपणाच्या आत गुडघ्याएवढे गवत वाऱ्यावर लवत होते, त्यात कुठे तितर ओरडत होता. बाहेर पावलाखाली मुरूम, चार तरवडाची झुडपे आणि कुसळी. एकच टेकडी, एकच पाऊस; मध्ये फक्त तार. माझ्या पायजम्याला तोवर शंभरेक कुसळे टोचली होती.

"त्ये अशी निघायची न्हाईत साहेब, उलटी वढा," मागून आवाज आला. डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी, मागे मेंढरांचा कळप. म्हातारा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा असावा.

"मामा, आत एवढं गवत आणि बाहेर काहीच नाही, असं कसं?" मी विचारले.

"आत तोंड लागलं न्हाई. भाईर लई तोंडं लागली," तो म्हणाला.

शास्त्र याहून निराळे सांगत नाही. मारवेल, पवना ही गवते वर्षानुवर्षे मुळांवर जगतात. पालवी फुटताच कोणी खुडली की मुळांतली शिदोरी संपते, बी धरत नाही, आणि त्यांच्या जागी कुसळी येते. तिची कुसळे मेंढरांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. म्हणजे माळ उजाड झाला की पहिला तोटा मेंढराचाच. उघड्या मुरमावर पाऊसही थांबत नाही. धावत ओढ्याला मिळतो. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नसू. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार यांनी चराईबंदीचा आग्रह धरला तो पाण्यासाठीच. डोंगरावर चर खणले, जनावरे बंद केली आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवली.

हे सारे मी म्हाताऱ्याला उत्साहाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"बरुबर हाय," तो म्हणाला. "पर कापून न्यायचं ते गावकऱ्यानं. माजा गाव कंचा? ही मेंढरं दावणीला बांधू व्हय? गवत गेलं तर पयला मी उपाशी, आन् गवत आलं तर पयला मीच भाईर!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. हीच मेंढरे शेतात बसवावीत म्हणून सुगीनंतर शेतकरी धनगराला बोलावतात, खताच्या मोबदल्यात धान्य देतात. त्याच धनगराला पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसावी, हा कुठला हिशेब?

मग त्याने टेकडीच्या माथ्याकडे बोट केले. वर खंडोबाचे ठाणे होते. जुनी पायवाट कुंपणाने मधोमध तोडली होती, आणि नेमक्या तिथेच तार कापलेली दिसली. "देवाला जाणारानं कापली. त्याच्या मागनं शेरडं शिरली. नाव आलं माज्यावर."

इंग्लंडात मेंढरांसाठी माळांवर कुंपणे असतात, पण कुंपणावरून चढायला पायऱ्याही असतात; २००० सालच्या कायद्याने तिथे मोकळ्या माळांवर पायी हिंडण्याचा हक्कही दिला आहे. आपल्याकडेही चार दगडी पायऱ्या बांधता येतील. शेळीचा भरवसा देता येत नाही, पण तार तरी कोणी कापणार नाही.

"निम्मा डोंगर तीन पावसाळे बंद ठिवा, निम्मा उघडा. मग अदलाबदल करा. म्या सोता राखन करतो," म्हातारा म्हणाला. त्यात तथ्य होते. अगदीच न चरलेले, न कापलेले गवतही आपल्याच वाळक्या भाराखाली गुदमरते. ही योजना मी कागदावर कुठे पाहिली नव्हती. ती मेंढरांमागे चालून सुचलेली होती.

चाक बदलून झाले. संध्याकाळच्या सुमारास आम्ही बेटावर पोचलो. गर्दी होती. मावशी चार पावले चढल्या आणि एका दगडावर बसून राहिल्या. शेजारचे एक शहरी कुटुंब ओळखीची वाटणारी रोपे मुळासकट उपटून पिशवीत भरत होते. घरी कुंडीत लावायची म्हणे. मावशींनी मलाही तसेच फर्मावले. मी वाकलो, एका रोपाला हात घातला, आणि थांबलो. मेंढरू शेंडा खुडते. मूळ उपटणारा मीच होतो, आणि मला अडवायला कुठे तार नव्हती.

"पाला इथंच खायचा असतो, मावशी," मी म्हणालो, आणि दोनच पाने खुडून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती डोळे मिटून चावली.

गुडघे अजून दुखतात. पण 'पुढच्या उत्तरेला पुन्हा जायचं' असे मावशींनी ठरवून टाकले आहे. जाताना त्या टेकडीपाशी थांबेन. पायऱ्या झाल्या का, आणि म्हाताऱ्याला निम्मा डोंगर मिळाला का, ते पाहायचे आहे.