उजेडाचे माप

मोजणे ही आमची उपजीविका आहे. केंद्र सरकारच्या कचेरीत बसून आम्ही दिवसभर इतरांच्या रजा मोजतो, प्रवासभत्त्याची अंतरे मोजतो आणि नोकरीची वर्षे मोजून निवृत्तिवेतनाचा आकडा काढतो. त्यामुळे बंगळूरच्या चिकपेटेकडील रविवारच्या बाजारात, गंजलेली कुलपे आणि बंद घड्याळे यांच्या ढिगात एक जुना लाइट मीटर दिसला, तेव्हा आमचा हात आपोआप तिकडे गेला. उजेड मोजण्याचा प्रसंग कोणत्याही नियमावलीने आजवर आमच्यावर आणला नव्हता.

सेकॉनिक या जपानी कंपनीचा हा मीटर तळहातात मावतो. वरच्या बाजूला पिंगपाँगच्या अर्ध्या चेंडूसारखा पांढरा घुमट, मध्यभागी काटा आणि भोवती आकड्यांच्या फिरत्या तबकड्या. बॅटरी नाहीच. आत सेलेनियमचा थर दिलेली चकती आहे. तिच्यावर उजेड पडला की किंचित वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर काटा हलतो. १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने हे मूलद्रव्य शोधले आणि ग्रीकांच्या चंद्रदेवतेचे नाव त्याला दिले. चंद्राचे नाव लावणारे हे द्रव्य सूर्याचा जमाखर्च चोख ठेवते. तिन्हीसांज झाली की मात्र काटा जागचा हलत नाही आणि चांदण्याची तर तो दखलही घेत नाही.

मीटर शिकण्यासाठी आम्ही लालबाग निवडली. तिथल्या सुमारे तीनशे कोटी वर्षे वयाच्या खडकावर बसून मधले बटण दाबावे, काटा स्थिरावला की सोडावे, दाखवलेला आकडा तबकडीवर जुळवावा. मग कोणत्या वेगाला किती छिद्र, याच्या जोड्या समोरासमोर उभ्या राहतात. रणरणत्या उन्हात घुमटामागे भोकांचा एक पत्रा सरकवावा लागतो. निरभ्र दुपारी शंभर वेगाच्या फिल्मला सेकंदाचा १२५ वा भाग आणि छिद्राचा आकडा १६, हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा मीटरने मान्य केला. पुढच्याच क्षणी आषाढातला एक ढग आला आणि काटा कोसळला. छिद्राचा आकडा १६ वरून ५.६ वर आला. म्हणजे उजेड आठव्या हिश्श्यावर उतरला होता. डोळ्यांना इतका फरक मुळीच जाणवला नव्हता. डोळा हा फार सोशिक हिशेबनीस आहे. तूट आली तरी तो आपली बाहुली रुंदावून ती भरून काढतो आणि मालकाला कळू देत नाही.

मापण्याच्या रीती दोन आहेत. पहिल्या रीतीत कॅमेऱ्याजवळ उभे राहून मीटर वस्तूकडे रोखायचा आणि वस्तूवरून परतणारा उजेड मोजायचा. ही रीत सोयीची खरी, परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. समोर काहीही असो, ते मध्यम करडे आहे, पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्केच परत पाठवणारे आहे, असे मीटर मानून चालतो. चुन्याची भिंत दाखवा, तो तिला करडी करील. काळी छत्री दाखवा, तीही करडीच होईल. दुसऱ्या रीतीत वस्तूजवळ जाऊन घुमट कॅमेऱ्याकडे वळवायचा आणि वस्तूवर पडणारा उजेड मोजायचा. मग भिंत पांढरी राहते, छत्री काळी राहते आणि दोघींना एकच माप लागते.

इथवर हा केवळ छंद होता. परंतु आमची धाकटी बहीण सावळी आहे आणि तिच्या लग्नाची खटपट चार वर्षे चालू आहे. गावाकडच्या एका स्टुडिओने तिचे छायाचित्र संगणकावर इतके उजळून दिले होते, की पाहायला आलेली मंडळी एकदा छायाचित्राकडे आणि एकदा तिच्याकडे पाहत. तुलना कोणी बोलून दाखवीत नसे. चहा मात्र लवकर संपे.

हा दोष एका स्टुडिओपुरता नव्हे. रंगांची जुळवाजुळव करण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना जी नमुनापत्रे पाठवी, त्यांवर कित्येक दशके गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. माप ठरवतानाच ज्यांचा विचार झाला नाही, त्यांना पुढे ‘दुरुस्त’ केले जाते.

गेल्या महिन्यात ती बंगळुरास आली, तेव्हा पांढरी सुती साडी नेसली होती. झाडाखालच्या मऊ सावलीत आम्ही तिला उभे केले. परतणारा उजेड मोजला असता, तर साडीला भुलून मीटरने चेहरा अधिकच काळवंडून टाकला असता. नुसत्या चेहऱ्यावरून मोजला असता, तर तो त्याला करडा ठरवून उजळवून बसला असता. आम्ही घुमट तिच्या हनुवटीजवळ धरला. “दादा, ताप पाहतोस की काय?” असे ती म्हणाली आणि हसली. काटा मात्र ती गोरी की सावळी, हे विचारत नव्हता.

या रीतीलाही मर्यादा आहेत. सोंडूरच्या मराठा राजघराण्यातले मु. य. घोरपडे वन्यजीवनाचे नामांकित छायाचित्रकार होते. त्यांनी आपल्या पुस्तकाला ‘ऊन आणि सावल्या’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले होते. रानातल्या हत्तीच्या हनुवटीजवळ घुमट धरायला कोणी जाणार नाही, हे उघड आहे. तिथे हत्तीवर पडते तसलेच ऊन आपल्या पायांशी शोधून तेच मोजावे लागते. दूरच्या जीवाचा न्याय करायचा, तर निदान त्याच्या उन्हात तरी उभे राहावे लागते.

माणसांची मोजदाद मात्र आपण बहुधा पहिल्याच रीतीने करतो. कोणाकडून किती परतले, ते पाहतो. त्याच्यावर किती पडले होते, याचा रकाना आमच्या कोणत्याही तक्त्यात नाही.

ती फिल्म धुऊन आली. साडी पांढरी आहे, केस काळे आहेत आणि मधोमध आमची बहीण जशी आहे तशी आहे. तिने जुने छायाचित्र फाडून टाकले आणि पुढच्या स्थळाकडे हेच स्वतः पाठवले. तिकडून अद्याप उत्तर आलेले नाही.