मेडिकलच्या काउंटरवरून: पुणे, ऑगस्ट २००९

४ ऑगस्ट, मंगळवार

काल आपल्या शहरातली चौदा वर्षांची मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला या आजाराचा हा पहिला मृत्यू. एप्रिलात मेक्सिकोच्या बातम्या आल्या, मे महिन्यात हैदराबादला पहिला रुग्ण सापडला, जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. तरी हे सगळं विमानतळापुरतं, परदेशातून येणाऱ्यांपुरतं आहे असं पेठेत सगळे धरून चालले होते. आज दुकान उघडायच्या आधीच पायरीवर माणसं उभी. प्रत्येकाच्या तोंडी एकच: "ताई, मास्क आहे का?"

होते तेवढे मास्क दुपारच्या आत संपले. स्टॉकिस्टला फोन केला, तर त्याच्याकडेही माल नाही आणि जो येईल तो चढ्या भावाने, असं उत्तर मिळालं. मी त्या भावाने घेणार नाही. आई शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी मास्क मागते तेव्हा तिच्याकडून दुप्पट पैसे घ्यायला माझा हात धजणार नाही.

५ ऑगस्ट, बुधवार

राखीपौर्णिमा. दुकानात गर्दी, घराघरांत शुकशुकाट. शेजारच्या वहिनींच्या भावाने ठाण्याहून फोन करून कळवलं, यंदा पुण्याला येत नाही.

७ ऑगस्ट, शुक्रवार

वहिनींच्या मुलाला कालपासून ताप आणि घसादुखी. त्यांच्याबरोबर नायडू रुग्णालयात गेले. महापालिकेचं हे संसर्गजन्य रोगांचं रुग्णालय एरवी शहराच्या लक्षातही नसतं. आज रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आलेली. रांगेत ताप असलेले होते, नुसती सर्दी असलेले होते, आणि काहीच होत नसलेलेही होते, ज्यांना फक्त 'टेस्ट करून मोकळं व्हायचं' होतं. सगळे एकमेकांना खेटून. मागचा खोकत होता, पुढचा रुमालाने नाक दाबून तिथेच उभा होता. आजार नसलेल्या माणसाने तो इथूनच घरी न्यावा, अशी ती गर्दी.

आमच्या बरीच मागे एक गरोदर बाई होती. सातवा महिना असावा. एका हाताने कठड्याला धरलेलं, दुसरा हात पोटावर, आणि दोन शब्द बोलली की थांबून श्वास घेत होती. बरोबर फक्त तिची सासू. मी पुढे जाऊन आतल्या सिस्टरांना सांगितलं. त्या लगेच बाहेर आल्या आणि तिला आत घेऊन गेल्या. रांगेतल्या एकानेही तक्रार केली नाही, उलट लोक आपणहून बाजूला झाले. पण तोवर कोणाचं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं, कारण प्रत्येकजण आपल्याच घशाकडे लक्ष देऊन उभा होता.

या फ्लूत गरोदर बायका, दम्याचे आणि मधुमेहाचे रुग्ण, अगदी लहान मुलं यांना धोका जास्त. बाकीचे बहुतेक लोक साध्या फ्लूसारखे विश्रांतीने बरे होतात. वहिनींच्या मुलाला डॉक्टरांनी तपासलं आणि घरीच ठेवायला सांगितलं. संध्याकाळी त्याचा ताप उतरला.

१० ऑगस्ट, सोमवार

शाळा बंद, थिएटरं बंद, मॉल बंद. शहरातून आणखी मृत्यूंच्या बातम्या. दुचाकीवर स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्या मुली पुण्याला नव्या नाहीत, आता पुरुषही तोंडाला रुमाल बांधून फिरत आहेत.

काउंटरवर आज दोनच गोष्टींची मागणी: कापूर आणि निलगिरीचं तेल. कापूर-वेलदोड्याची पूड रुमालात बांधून हुंगली की स्वाइन फ्लू होत नाही, असा एसएमएस घरोघर पोचला आहे. एक आजोबा नातवंडांसाठी चिमुकल्या पुरचुंड्या शिवून घेऊन आले होते, दोरा ओवून गळ्यात घालता येतील अशा. त्यांच्या मायेला मी नाही कशी म्हणणार? कापूर दिला, पण सांगितलं, "आजोबा, याने नाक मोकळं वाटेल, विषाणू अडणार नाही. मुलांचे हात साबणाने धुवा, आणि ताप आला तर पुरचुंडीवर विसंबून घरी बसू नका." त्यांनी ऐकून घेतलं. माणसाला समजावून सांगितलं की तो ऐकतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

या फ्लूवरच्या टॅमिफ्लू गोळीसाठीही माणसं येतात. ती गोळी दुकानात विकायची परवानगी नाही, सरकारी रुग्णालयातूनच मिळते. "पैसे कितीही घ्या" म्हणणारेही आले. लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केली तर तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो. ताप नसताना घरात साठवून, धास्तीने अर्धवट घेतली तर विषाणू तिला सरावतो आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्यावर ती चालेनाशी होते.

१२ ऑगस्ट, बुधवार

आज जे पाहिलं त्याने रात्री झोप येत नाहीये.

मागच्या गल्लीतल्या वाड्यात एका कॉलेजच्या मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. स्वॅब राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेला होता. मुलगा नायडूत आहे, तब्येत सुधारते आहे. घरी आई-वडील आणि आजी. तिघांनाही काही झालेलं नाही. पण दूधवाला पिशवी फाटकातच टाकून जातो, कामवाल्या मावशींना बाकीच्या बिऱ्हाडांनी सांगितलंय की तिकडे गेलीस तर आमच्याकडे येऊ नकोस. वडिलांना ऑफिसातून, महिनाभर तोंड दाखवू नका, असा निरोप.

मी आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन गेले. जिना चढू लागले तर वरूनच आजींची हाक आली, "ताई, वर नको येऊस, तुला लोक बोलतील." आणि दुसऱ्या मजल्याच्या सज्जातून सुतळीला बांधलेली कापडी पिशवी हळूहळू खाली आली. आत घडी केलेली नोट आणि चिठ्ठी. गोळ्या पिशवीत ठेवल्या. तिने सुतळी ओढली, मध्येच पिशवी खालच्या गजात अडकली, तेव्हा खालच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. पंचाहत्तरी ओलांडलेली आजी, जन्म या वाड्यात गेला, या सगळ्यांच्या बाळंतपणात तिने खपून डिंकाचे लाडू केलेत.

मी मग जिना चढून वर गेलेच. मास्क लावून, दारातच थांबून, पण गेले.

१६ ऑगस्ट, रविवार

साथीचे अधिकार वापरायला सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केलाय. तो प्लेगच्या वेळचा कायदा, आणि त्या सालचं पुणं आपण विसरता कामा नये. त्या वर्षी रोगी शोधायला सोजीर घराघरांत घुसले, माणसांना ओढून नेलं. परिणाम असा की लोक रोगी लपवू लागले. जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच संतापातून.

आणि त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले होत्या. मुलगा डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे पोचल्या. तो वाचला, त्या १० मार्च १८९७ ला गेल्या. कोणालाही एवढं करा म्हणून मी सांगणार नाही. पण ज्या गावात हे घडलं, तिथे गोळ्यांची पिशवी सुतळीने वर ओढायची वेळ म्हातारीवर यावी, हे मला सहन होत नाही. घरावर बहिष्कार घातला की पुढचं घर ताप लपवतं, दोन दिवस वाट बघतं आणि मग धाप लागल्यावर रुग्णालय गाठतं. तोवर उशीर झालेला असतो.

२० ऑगस्ट, गुरुवार

तपासणीची केंद्रं वाढली, नायडूसमोरची रांग ओसरली. नवी सूचना सुटसुटीत आहे: साधी सर्दी आणि कमी ताप असेल तर टेस्टची गरज नाही, घरी थांबा. ताप जास्त असेल किंवा जोखमीचा रुग्ण असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध. श्वास लागला, छातीत दुखलं, ओठ निळे पडले तर लगेच रुग्णालय. हे आधीच कोणी ठणकावून सांगितलं असतं, तर शेकडो लोक उगाच त्या गर्दीत उभे राहिले नसते.

मागच्या गल्लीतला मुलगा घरी आला. आज संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या दोन वहिनी डबा घेऊन त्या घरी गेल्या. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

२३ ऑगस्ट, रविवार

गणेश चतुर्थी. आमच्या मंडळाने यंदा मांडव लहान घातलाय आणि आरतीला गर्दी करू नका असं फलकावर लिहिलंय. मी दुकानाच्या काचेवर माझा कागद लावला. तो असा:

ताप-खोकला असेल तर मांडवात येऊ नका, बाप्पा घरूनही पावतो. खोकताना रुमाल धरा, हात साबणाने धुवा. घरात गरोदर बाई, दम्याचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर रात्रीसुद्धा थांबू नका. आणि शेजारी कोणी आजारी असेल तर दारातून विचारा, औषध-दूध आणून द्या. तुम्हाला जाणं शक्य नसेल तर दुकानात येऊन सांगा, मी पोचवीन.